चार टर्मिनल दिसले म्हणून दोन केबल घ्यायच्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. थ्री-वे (खालचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरमधून काढणाऱ्या) फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, स्पीकरची नवी जोडी घरी आली आहे. प्रत्येकाच्या पाठीवर चार टर्मिनल आहेत. विक्रेत्याने बाय-वायरिंगसाठी, म्हणजे प्रत्येक स्पीकरला एकाऐवजी दोन केबल लावण्यासाठी, केबलचा दुसरा सेट सुचवला आहे आणि तो 60 हजारांच्या घरात जातो. अँप्लिफायर 100 वॉटचा ट्रान्झिस्टरवाला, केबल 3 मीटर, खोली 12 बाय 15 फूट. या दर्जाच्या स्पीकरला बाय-वायरिंगने खरंच फरक पडतो, की सगळे मनाचे खेळ?

तुमच्या जोडणीत ऐकू येईल असा फरक पडणार नाही. ते 60 हजार खिशातच ठेवा. पण "मनाचे खेळ" म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. ज्यांना फरक ऐकू आला त्यांच्यापैकी काहींना तो खरोखर ऐकू आला होता, फक्त त्याचं श्रेय भलत्यालाच गेलं. गेली वीसेक वर्षं मी लोकांच्या घरी स्पीकर लावून देतो, बाय-वायरिंग करूनही दिलं आहे आणि काढूनही टाकलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पीकरच्या पेटीत क्रॉसओव्हर असतो. तो खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवतो. तुमच्या थ्री-वेमधला मधल्या सुरांचा ड्रायव्हर सहसा ट्वीटरच्याच बाजूला असतो. म्हणजे आपल्या कामापुरते त्याचे दोन भाग, आणि सिग्नल आत शिरतो तिथे ते एकमेकांना समांतर जोडलेले असतात. चार टर्मिनलच्या स्पीकरमध्ये हा जोड पेटीच्या आत केलेला नसतो. बाहेर वरच्या आणि खालच्या टर्मिनलला सांधणाऱ्या सोनेरी पट्ट्या असतात, तोच तो जोड. त्यांना जंपर म्हणतात. बाय-वायरिंग करायचं म्हणजे या पट्ट्या काढायच्या, वरच्या जोडीला एक केबल, खालच्या जोडीला दुसरी, आणि दोन्ही केबलची दुसरी टोकं अँपच्या त्याच लाल-काळ्या टर्मिनलवर एकत्र आवळायची. मग जोड गेला कुठे? कुठेच नाही. स्पीकरच्या पाठीवरून उठला आणि 3 मीटर सरकून अँपच्या पाठीवर जाऊन बसला. सगळा वाद या 3 मीटरचा आहे.

"एका केबलमधून फक्त बास जातो आणि दुसरीतून फक्त ट्रेबल" असं तुम्हाला दुकानात सांगितलं गेलं असेल. हे अर्धं खरं आहे. दोन्ही केबलवर व्होल्टेज पूर्ण गाण्याचंच असतं, कारण दोन्ही एकाच टर्मिनलवरून निघतात. करंट मात्र खरोखर वाटला जातो. वूफरचा भाग वरच्या सुरांना करंट घेऊ देत नाही आणि ट्वीटरचा भाग खालच्यांना. अमेरिकेतल्या व्हँडरस्टीन कंपनीने बाय-वायरिंगचा आग्रह वर्षानुवर्षं याच आधारावर धरला आहे. त्यांनी हॉल-इफेक्ट प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारं साधन) लावून केबलभोवतीची चुंबकीय क्षेत्रं तपासली आणि दोन केबलभोवतीची क्षेत्रं वेगवेगळी असल्याचं सांगितलं. यात अविश्वास ठेवण्यासारखं काही नाही. करंट वेगळा झाला की त्याच्याभोवतीचं क्षेत्र वेगळं होणारच. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: त्यामुळे ट्वीटरपर्यंत पोचणारा सिग्नल बदलला का, आणि किती?

तांब्याची तार ही फार सरळमार्गी वस्तू आहे. तिच्यातून बास आणि ट्रेबल एकत्र गेले म्हणून एक दुसऱ्याला डागाळत नाही. तसं होत असतं तर अँपच्या आत आउटपुटपासून टर्मिनलपर्यंत जाणाऱ्या वायरमध्येच तानपुऱ्याची जवारी डग्ग्याखाली चिरडली गेली असती, आणि तिथे तर सगळ्यांची एकच वायर असते. तेव्हा "बास ट्रेबलला घाण करतो" हे वर्णन सोडून देऊ आणि केबलच्या रेझिस्टन्सकडे बघू, कारण दोन भागांमध्ये सामायिक असलेली महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

गणित अगदी घरगुती आहे. इलेक्ट्रिशियन जिला "अडीचची वायर" म्हणतात, म्हणजे 2.5 स्क्वेअर एमएमचं तांबं, तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण 0.007 ओहम. 3 मीटर जाणं आणि 3 मीटर येणं मिळून 6 मीटर, म्हणजे 0.041 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरशी हे लावून बघितलं तर केबलमध्ये आवाजाची घट होते 0.04 डेसिबल. आता कुठल्याही स्पीकरचा इंपीडन्स, म्हणजे सुरागणिक बदलणारा त्याचा रेझिस्टन्स, सगळीकडे 8 नसतो. समजा तुमचा स्पीकर एका ठिकाणी 3 ओहमपर्यंत खाली येतो आणि दुसरीकडे 20 पर्यंत चढतो. तरी या दोन ठिकाणांतला केबलमुळे पडणारा फरक येतो 0.1 डेसिबल. दोन उपकरणांची तुलना करण्याआधी त्यांचा आवाज 0.1 डेसिबलच्या आत जुळवून घ्यायचा हा काटेकोर ऐकणाऱ्यांचा दंडक आहे. म्हणजे ज्याला "जुळलं" म्हणतात त्याच मापात आपण आहोत.

बाय-वायरिंगच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो मी प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण इंटरनेटवर हिरिरीने भांडणारे दोन्ही पक्ष तो सहसा सोडून देतात. वूफर हा साधा रेझिस्टर नाही. त्याची कॉइल चुंबकाच्या फटीत हलते, स्वतः व्होल्टेज निर्माण करते, आणि मोठ्या हालचालीत तिने ओढलेला करंट थोडा विकृत असतो. तो विकृत करंट सामायिक केबलमधून गेला की तिच्या रेझिस्टन्सवर विकृत व्होल्टेज उभं राहतं आणि त्याचा वरचा भाग ट्वीटरला मिळतो. बाय-वायरिंगने हा रस्ता तुटतो. तत्त्व शंभर टक्के बरोबर. आता आकडा टाका. वूफरच्या करंटमध्ये 1 टक्का विकृती धरली तरी 0.041 ओहमवर तिचं उरतं 0.005 टक्के, म्हणजे मूळ सिग्नलच्या 86 डेसिबल खाली. चांगल्या ट्वीटरची स्वतःची विकृतीसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

आणि गंमत पुढे आहे. अँपच्या माहितीपत्रकात डँपिंग फॅक्टर छापलेला असतो, म्हणजे स्पीकरचे ओहम भागिले अँपच्या आउटपुटचे ओहम. तो 200 असेल तर 8 ओहमला अँपचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स झाला 0.04 ओहम. म्हणजे तुमच्या केबलइतकाच. हा इंपीडन्स दोन्ही भागांना सामायिकच राहतो, तुम्ही दोन केबल टाका नाहीतर चार. ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह अँपमध्ये तर तो सहज 1 ते 3 ओहम असतो. तिथे केबलच्या शतांश ओहमसाठी बाय-वायरिंग करणं म्हणजे छप्पर गळत असताना उंबऱ्याला रांगोळी काढणं. व्हॉल्व्ह अँपवाल्यांना यात कमीपणा दाखवायचा नाही, माझ्याही घरी एक आहे.

आता समजा तुमच्याकडे त्याच केबलचे दोन सेट आधीच आहेत. तर त्यांचं काय करावं? माझं म्हणणं, जंपर लावलेलेच ठेवा आणि दोन्ही केबल समांतर जोडा. वूफरला दुप्पट तांबं मिळेल, त्याच्या वाटेचा रेझिस्टन्स 0.041 वरून 0.02 वर येईल. बाय-वायरिंगमध्ये वूफरच्या वाट्याला एकच केबल येते, 0.041 तसाच राहतो, आणि ट्वीटरच्या केबलमधलं बरंचसं तांबं नुसतं बसून असतं, कारण ट्वीटरला करंट लागतोच किती. बाय-वायरिंगच्या बऱ्याच "आधी आणि नंतर" कथांमध्ये ही तुलना झालेलीच नसते. एका केबलची दोन केबलशी तुलना होते, आणि श्रेय दोन वाटांना मिळतं.

बरं, मग लोकांना फरक ऐकू का येतो?

काही वर्षांपूर्वी कोकणात किनाऱ्यालगतच्या एका घरी गेलो होतो. घरमालक निवृत्त बँक अधिकारी, नाट्यसंगीताचे दर्दी. त्यांच्या पुतण्याने मुंबईहून येऊन बाय-वायरिंग करून दिलं होतं आणि काका सांगत होते, "अहो, व्हायोलिनवरचं पांघरूण कोणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं!" मला बोलावलं होतं दुसऱ्याच कामाला. पण कपाटावर जुन्या पट्ट्या ठेवलेल्या दिसल्या म्हणून हातात घेतल्या. सोन्याचा मुलामा टर्मिनलच्या घासणीने उडालेला, खालून पितळ उघडं पडलेलं आणि त्यावर हिरवट थर. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, त्यातलाच प्रकार. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि कुणी दहा वर्षांत हात न लावलेला स्क्रू. केबल खालच्या टर्मिनलला होती, म्हणजे ट्वीटरला जे काही मिळत होतं ते याच पट्टीतून. मी त्या पट्ट्या परत लावून मल्टिमीटर धरला तर आकडा स्थिर राहीना. बोटाने पट्टी दाबली की कमी, सोडली की ओहमभर. 6 ओहमच्या ट्वीटरला वाटेत 1 ओहम आडवा आला तर आवाज 1.3 डेसिबलने खाली जातो. हे कोणालाही ऐकू येतं, त्यासाठी सोन्याचे कान लागत नाहीत.

पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या, टर्मिनल पुसले, दुसरी केबल काढून पट्ट्या घट्ट आवळल्या. काकांना म्हटलं, तेच पद पुन्हा लावा. पांघरूण परत आलं नव्हतं. पुतण्याचं काम वाया गेलं असं मी त्यांना म्हटलं नाही, कारण ते वाया गेलं नव्हतंच. बाय-वायरिंग करताना त्याने दहा वर्षांत पहिल्यांदा ते स्क्रू सोडवले, जुना जोड वाटेतून काढला आणि नवा घट्ट केला. फायदा तिथे होता.

तेव्हा तुम्हाला करायचंच असेल तर पहिलं काम जंपरचं. तुमची जी केबल आहे त्याच केबलचे 10-15 सेंटीमीटरचे चार तुकडे कापा, टोकं नीट सोला, पट्टीच्या जागी लावा. पट्टी चांगली असेल तर तीही चालते, फक्त ती टर्मिनलवर सपाट बसली आहे ना, बघा. काही जण लाल वायर वरच्या आणि काळी खालच्या टर्मिनलला अशी तिरकी लावतात. करून बघायला हरकत नाही, अपाय शून्य. मुंबई किंवा किनारपट्टीवर राहत असाल तर उघड्या तारा टर्मिनलमध्ये न खुपसता चांगले बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसवायचे, टर्मिनलमध्ये घट्ट शिरणारे प्लग) लावा आणि वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, सगळे जोड सोडवून पुसून परत आवळा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात प्लग आणि बारीक तारांची दोन कोरची लवचीक केबल दोन्ही मिळतं, आणि 60 हजारांच्या शेजारी त्याची किंमत लिहायला मला संकोच वाटतो.

एक गोष्ट लक्षात घ्या, चार टर्मिनल ही दर्जाची खूण नाही. बोअर्स अँड विल्किन्स आपल्या 800 मालिकेतल्या स्पीकरना ते देतं. डायनऑडिओ, विल्सन आणि मॅजिको यांच्या अनेक महागड्या स्पीकरच्या पाठीवर एकच जोडी असते. हे सगळे आपापल्या कामात तरबेज लोक आहेत आणि त्यांचं यावर एकमत नाही. फरक खरोखर मोठा असता तर एव्हाना झालं असतं. चार टर्मिनल देण्यामागे बाजाराची अपेक्षाही असते, 1980 च्या दशकात ब्रिटिश हाय-फायमध्ये ही टूम जोरात आली आणि मग खरेदीदार स्पीकरची पाठ वळवून टर्मिनल मोजू लागले.

कधी फरक पडू शकतो तेही सांगतो. केबल लांब आणि बारीक असेल तेव्हा. फॉल्स सीलिंगमधून फिरवून 12 मीटर नेलेली 0.75 स्क्वेअर एमएमची वायर मी बऱ्याच घरांत बघितली आहे. तिचा रेझिस्टन्स जाऊन-येऊन अर्ध्या ओहमच्या वर जातो, आणि 3.5 ते 20 ओहममध्ये हिंदकळणाऱ्या स्पीकरवर त्यामुळे 1 डेसिबलचा चढउतार येतो. तिथे दुसरी केबल टाकली की आवाज नक्की बदलेल. पण तिथेही मी जाड केबल टाका असंच सांगेन.

स्वतः तपासायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. दोन्ही केबल जोडून ठेवा. जंपर काढले की बाय-वायरिंग, जंपर लावले की दुहेरी साधी जोडणी. बदलायच्या फक्त पट्ट्या. घरातल्या कोणालातरी ते काम द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा, आणि दर वेळी अँप बंद करूनच पट्टीला हात लावायचा, नाहीतर पट्टी लाल-काळ्याला एकदम टेकली की धूर. काय बदललं किंवा बदललंच नाही हे त्यांनी नाणं उडवून ठरवावं आणि कागदावर लिहावं. 16 फेऱ्या करा, दर वेळी आत येऊन स्पीकरची पाठ न बघता नुसतं ऐकून जंपर आहेत की नाहीत ते सांगा. किमान 12 बरोबर आले तर तुमचा दावा मी गंभीरपणे घेईन, कारण नुसत्या नशिबाने तेवढे येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी आहे. मी स्वतः हे दोनदा केलं, माझ्याच अँपवर, माझ्याच आवडीच्या रेकॉर्डिंगवर. काय जोडलंय ते माहीत असताना मला फरक "स्पष्ट" वाटत होता. ते माहीत नसताना नाणेफेकीइतकंच जमलं. बायको अजून त्यावरून चिडवते.

जोडणीत दोन ठिकाणी अपघात होतात. काही अँपना स्पीकर ए आणि बी असे दोन संच असतात. एक केबल ए ला, एक बी ला लावून दोन्ही चालू केले की बाय-वायरिंग होतं, जर ते आत समांतर जोडलेले असतील तर. काही अँपमध्ये ते सिरीजमध्ये असतात. मग वूफरचा भाग ट्वीटरला अडवतो, ट्वीटरचा वूफरला, आणि आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा येतो. तसं ऐकू आलं तर स्पीकर बिघडला म्हणून घाबरू नका, मॅन्युअल बघा.

दुसरा अपघात महागात जातो. होम थिएटर रिसीव्हरवर "बाय-अँप" असा पर्याय असतो, म्हणजे वूफरला एक चॅनल आणि ट्वीटरला वेगळं चॅनल. इथे जंपर काढायचे राहिले तर दोन अँप्लिफायरचे आउटपुट एकमेकांना जोडले जातात आणि अँप जळू शकतो. बाय-वायरिंगमध्ये विसरलेला जंपर निरुपद्रवी, बाय-अँपमध्ये घातक. एवढं करून रिसीव्हरमधलं बाय-अँपिंग फारसं देतही नाही, पॉवर सप्लाय तोच असतो आणि दोन्ही चॅनलना पूर्ण सिग्नलच वाढवावा लागतो. क्रॉसओव्हर अँपच्या आधी नेला, पेटीतला काढून टाकला आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अँप दिला, तर मात्र चित्र खरंच पालटतं. पण ते तुमच्या स्पीकरचं पोट फाडण्याचं काम आहे, वॉरंटीत बसत नाही.

आणि मग त्या 60 हजारांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणारच. खोलीकडे बघा. 15 फुटांच्या लांबीला पहिला घुमारा येतो 38 हर्ट्झच्या आसपास, 12 फुटांच्या रुंदीला 47 च्या. आपल्या घरांच्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, फरशी गुळगुळीत, छत स्लॅबचं. बास बाहेर पडायला वाव नाही, आणि वरचे सूर फरशीवर टप्पे खात फिरतात. अशा खोलीत 10-10 डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे मी नेहमी मोजतो. डग्ग्याची घुमक एका स्वरावर फुगते, दुसऱ्यावर गायब होते. तुलनेला केबलचे 0.1 डेसिबल आठवा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर दोन फूट पुढे ओढा, स्पीकर भिंतीपासून थोडे सोडवा, मधल्या फरशीवर जाडसर सतरंजी अंथरा. यासाठी खर्च नाही. मग मोजणीचा माइक आणि रूम इक्यू विझार्ड हे खोलीचा आवाज मोजणारं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे, घेऊन एक रविवार घालवा. उरलेल्या पैशांतून कोपऱ्यांसाठी जाड बास ट्रॅप, म्हणजे बास शोषून घेणाऱ्या चौकटी, करून घ्या, त्यात रॉकवूल भरायचं आणि वरून कापड, कुठलाही चांगला सुतार करून देतो.

आणि केबलचे तुकडे लावल्यावर त्या मूळ पट्ट्या फेकू नका. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्पीकरच्या खोक्यात टाकून ठेवा. उद्या स्पीकर विकायला काढलेत तर घेणारा त्यांची पाठ वळवून सगळ्यात आधी पट्ट्याच मागतो.